सहा हजारांत चिखलदरा: वऱ्हाडातल्या शेतकरी घरासाठी सहलीची आखणी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाहेरगावी जायचं म्हणजे लग्नाला नाहीतर देवाला. निव्वळ फिरायला म्हणून घराला कुलूप लावून निघालेलं कुटुंब मी लहानपणी पाहिलंच नाही. त्यामुळे आम्ही पहिल्यांदा चिखलदऱ्याला गेलो तेव्हा कोणाला काय विचारायचं हेही कळत नव्हतं. ऑगस्टमधला रविवार होता, भाड्यानं गाडी केली होती, घाटात तीन तास रांगेत उभे होतो. वर पोचेपर्यंत अंधार पडला आणि जी खोली मिळाली ती सांगितलेल्या भावात घ्यावी लागली. उशीर झाला म्हणून गाडीवाल्यानं हॉल्टिंगचे पैसे वेगळे घेतले. पाच माणसं, एक रात्र, खर्च १४,००० रुपये. पोरांनी धुक्याशिवाय काही पाहिलं नाही.

दुसऱ्या वेळी तेच पाच जण त्याच ठिकाणी दोन रात्री राहिलो आणि ५,९०० रुपयांत घरी आलो. तेव्हापासून बचत गटातल्या बाया विचारत असतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे. आमच्या घरात मी, आमचे हे, ७६ वर्षांच्या सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तुमच्या घरातली वयं लावून हिशेब करून पाहा.

आधी दिवस ठरवा, ठिकाण नंतर

सहलीचा खर्च ठिकाणापेक्षा तारखेवर जास्त अवलंबून असतो. चिखलदऱ्यात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी खोली ज्या भावात मिळते, तीच खोली मंगळवारी जवळपास अर्ध्यात मिळते. आणि शेतकऱ्याला तर रविवारचं काही बंधन नाही. आपल्याला बंधन आहे ते पिकाचं.

आमच्याकडे खारपाणपट्ट्यात मूग निघाला की सोयाबीन येतं, दिवाळीपासून कापसाची वेचणी, पौषात तूर, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा. या सगळ्यात आम्हाला दोनच फटी सापडल्या. एक जानेवारीचा दुसरा पंधरवडा, तुरीची काढणी आणि कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर. हातात थोडा पैसा असतो, थंडी असते, चिखलदऱ्यात गर्दी नसते. दुसरी मे महिन्यातली, शाळेला सुटी लागल्यानंतरची. खाली ४४-४५ अंशांचं ऊन असतं तेव्हा चिखलदऱ्याच्या ११०० मीटर उंचीवर रात्री चादर घ्यावी लागते.

जानेवारीत शाळा चालू असते. त्यावर आमचा तोडगा असा: रविवारी दुपारी निघायचं आणि मंगळवारी परत यायचं. रविवारी संध्याकाळी सगळे गाड्यावाले खाली उतरत असतात आणि आपण वर चढत असतो. खोल्या रिकाम्या होत असतात, त्यामुळे भाव आपल्या बाजूनं बोलता येतो. पोरांची शाळा दोनच दिवस बुडते, तेवढं गुरुजींना आधी सांगून ठेवायचं.

ज्यांची शेती नाही, नोकरी किंवा दुकान आहे, त्यांना आणखी एक सोय आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि बाकी महाराष्ट्रातल्या साधारण जूनच्या मध्याला. मधल्या त्या आठ-दहा दिवसांत कोकण, महाबळेश्वर, शिर्डीकडची पोरांची गर्दी ओसरलेली असते आणि आपल्या पोरांना अजून सुटी असते. शेतकऱ्यासाठी मात्र ते दिवस पेरणीचे. पाऊस कोणत्या दिवशी येईल सांगता येत नाही, तेव्हा आपण त्या वाटेला जाऊ नये.

पैसे वर्षभर बाजूला पडू द्या

आमच्या बचत गटात बारा जणींनी एक वेगळी भिशी काढली, फक्त फिरण्याची. महिन्याला ५०० रुपये, वर्षाचे ६,०००. ज्या महिन्यात जिची पाळी, त्या महिन्यात तिचं घर फिरायला. पाळी चिठ्ठीनं न काढता आधी बोलून ठरवली, कारण प्रत्येकीच्या शेतातलं काम वेगळ्या वेळी मोकळं होतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. फिरण्यासाठी कर्ज काढू नका. पीककर्जाला हात लावू नका आणि घरपोच हप्त्यानं पैसे देणाऱ्यांकडून तर मुळीच घेऊ नका. दोन दिवसांच्या सहलीचा हप्ता दोन वर्षं फेडणारी घरं आमच्या शेजारच्या गावात आहेत. पैसे पुरत नसतील तर या वर्षी एका दिवसात सेवाग्राम पाहून या, चिखलदरा पुढच्या वर्षी.

गुरांचं काय?

पैशाइतकीच ही अडचण मोठी आहे, आणि कुठलीही ट्रॅव्हल कंपनी ती सोडवत नाही. गाय कोण दोहणार, चारापाणी कोण करणार, हरभऱ्यात रानडुकरं शिरली तर जागल कोण करणार? आम्ही शेजाऱ्यांशी सावड केली. ते तीन दिवस आमचं पाहतात, ते जातील तेव्हा तीन दिवस आम्ही त्यांचं पाहतो. त्या दिवसांचं दूध त्यांनीच ठेवायचं. हे बोलणं महिनाभर आधी करा, निघायच्या आदल्या रात्री नाही. मजूर लावला तर तीन दिवसांची मजुरी सहलीच्या हिशेबात धरावी लागते आणि जागलीचे पैसे वेगळे.

एसटीनं जा, आणि कोणाचं तिकीट किती ते आधी समजून घ्या

आमचे आठ हजार जे वाचले, त्यातला मोठा वाटा इथे वाचला. पहिल्या वेळी गाडीभाडं, डिझेल आणि हॉल्टिंग मिळून ६,५०० रुपये गेले होते.

एसटीच्या सवलती बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत असतात. एकत्र मांडल्या की घराचा हिशेब पार बदलतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या वयाच्या बायकांना आणि मुलींना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारा वयाला अर्धं.

आता आमचं घर धरा. दर्यापूरहून अंजनगाव, परतवाडा करत चिखलदऱ्यापर्यंत पूर्ण तिकीट समजा १५० रुपये. यांचे १५०, माझे ७५, मुलीचे ७५, सासूबाईंचं शून्य, लहान्याचं शून्य. पाच माणसं ३०० रुपयांत वर पोचली. जाऊन येऊन ६००.

सासूबाईंना हे पटतच नव्हतं. "मले कायले नेता बापा? पैसे वाया जातीन," असं त्या आठ दिवस म्हणत होत्या. कंडक्टरनं त्यांचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं तेव्हा त्यांनी ते घडी करून बटव्यात ठेवलं. अजून आहे त्यांच्याकडे.

म्हाताऱ्या माणसांचं आधार कार्ड आधी काढून पाहा. आपल्याकडे अनेकांच्या कार्डावर जन्मतारीख चुकीची असते किंवा नुसतं वर्ष असतं. वय कमी लागलं असेल तर सवलत हातची जाते, म्हणून दुरुस्ती दोन-तीन महिने आधी करून घ्या. कार्ड मूळ न्या, धूसर झालेली झेरॉक्स नको. आणि या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. पचमढी किंवा मुक्तागिरीकडे मध्य प्रदेशात जायचं असेल तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण धरा.

डेपोत "आवडेल तेथे प्रवास" नावाचा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पासही मिळतो. लांब फिरणाऱ्या पुरुषांना तो परवडतो. बायकांनी घ्यायच्या आधी अर्ध्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. दोन-तीन दिवसांच्या जवळच्या फेरीत ती बहुधा पासापेक्षा कमीच भरते.

दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर गाडी करावीशी वाटेल. करायचीच तर भाव ठरवताना या चार गोष्टी तोंडावर विचारा: किलोमीटरचा दर की पूर्ण फेरीचा, ड्रायव्हरचा भत्ता कोणाकडे, रात्री थांबल्याचे किती, टोल आणि पार्किंग कोणाचं. आम्ही यातलं एकही विचारलं नव्हतं.

रेल्वेचं थोडक्यात सांगते, कारण शेगाव किंवा वर्ध्याला जायला मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं आपल्याला जवळ आहेत. (आमच्या दारातून जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे आता धावत नाही, नाहीतर अचलपूरपर्यंत तिनंच गेलो असतो.) आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण तिकीट लागतं, न मागितला तर अर्धं. रात्रीचा प्रवास नसेल तर मागू नका. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा म्हाताऱ्या माणसासाठी एसटी आणि रेल्वे दोन्ही शक्य असतील तर एसटीच स्वस्त. तात्काळच्या भरवशावर कुटुंबाची सहल कधीच ठेवू नका.

मुक्काम: एक जागा, दोन रात्री

रोज नवं गाव, रोज नवी खोली असं केलं की खोलीभाडं आणि सामान हलवण्याचं भाडं दोन्ही वाढतं. एकाच जागी थांबून आजूबाजूला फिरा.

चिखलदऱ्यात एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, खासगी लॉज पुष्कळ आहेत आणि घरगुती सोयही मिळते. आम्ही बसस्टँडवर उतरलो, सासूबाई आणि पोरांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि आम्ही दोघांनी पायी चार जागा पाहिल्या. खोली पाहिल्याशिवाय, नळ उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. "जादा गादीचे किती?" आणि "गरम पाण्याचे वेगळे का?" हे दोन प्रश्न भाव ठरायच्या आधी विचारायचे, नंतर नाही. आम्हाला १,२०० रुपये रात्रीनं मोठी खोली मिळाली, जादा गादी धरून. पावसाळ्याच्या शनिवारी असं रस्त्यावरून शोधत फिरू नका, तेव्हा आधी बुकिंगच लागतं.

मेळघाटातच पुढे सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची राहायची सोय आहे, सिपना नदीच्या काठी. जंगल आवडणाऱ्यांनी ती जरूर पाहावी, फक्त आधी आरक्षण करून. तिथं बाजार नाही की मनात आलं आणि गेलं.

देवस्थानाच्या गावी भक्तनिवासासारखी स्वस्त आणि स्वच्छ जागा नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या निवासाची आणि महाप्रसादाची शिस्त तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र मोबाईलवर भक्तनिवास शोधताना सापडलेल्या कुठल्याही नंबरवर आगाऊ पैसे टाकू नका. भक्तनिवासाच्या नावानं फसवणारे पुष्कळ आहेत. थेट संस्थानच्या काउंटरवर जाऊन खोली घ्या आणि सणावाराचे दिवस टाळा.

शिदोरी

हा भाग आपल्या बायांना शिकवायला नको, तरी सांगते, कारण पहिल्या सहलीत मी लाजेनं काही नेलं नव्हतं. लोक काय म्हणतील असं वाटलं होतं. हॉटेलात २,८०० रुपये गेले आणि लहान्यानं तिखट भाजी तोंडातही घेतली नाही.

दुसऱ्या वेळी पहिल्या दिवसासाठी भाकरी, वांग्याची सुकी भाजी आणि ठेचा नेला. दुसऱ्या दिवसासाठी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, त्या दोन दिवस सहज टिकतात. जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कच्च्या चिवड्यासाठी मुरमुरे, कांदे, थोडं तेल. आणि सातूचं पीठ. गूळ-पाण्यात कालवलं की पाच माणसांची न्याहारी झाली, गॅस नको की चूल नको. स्टोव्ह किंवा छोटं सिलेंडर एसटीत नेऊ नका, ते धोक्याचं आहे आणि नेऊही देत नाहीत.

पाण्याचं गणित कोणी करत नाही. पाच माणसांना दिवसाला तीन-तीन बाटल्या, वीस रुपयांची एक, म्हणजे दिवसाचे ३०० रुपये नुसते पाण्याचे. पाच लिटरची कॅन घरून भरून न्या आणि मुक्कामाच्या जागी गाळलेलं पाणी कुठे मिळतं ते आल्याआल्या विचारून घ्या.

दिवसातलं एक वेळचं जेवण मात्र बाहेर करा. मुलांना त्याची मजा वाटते आणि घरच्या बाईला एक वेळ तरी ताट आयतं मिळतं. आम्ही दोन्ही रात्री गरम जेवण बाहेर घेतलं, चहा-नाश्ता धरून १,३०० रुपये झाले. चिखलदऱ्यात रबडी खा. डोंगरावर चरणाऱ्या म्हशींच्या दुधाची ती चव खाली मिळत नाही.

वर पोचल्यावर

परतवाड्यानंतरचा घाट वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी चढू नये. आवळासुपारी, लिंबू आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

रोख पैसे परतवाड्यातच काढा. मेळघाटात मोबाईलला रेंज येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहिलं की अडकायला होतं.

देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन, भीमकुंड, गाविलगड ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, सासूबाईंना घेऊन पायी होत नाहीत. आम्ही एका दिवसासाठी तिथलीच गाडी केली, १,००० रुपयांत. आदल्या संध्याकाळी ठरवली, कोणकोणती ठिकाणं दाखवणार ते कागदावर लिहून घेतलं. सकाळी सातला निघालो. धुकं विरताना पंचबोलवर कोणीच नव्हतं, पोरं आरोळ्या मारून प्रतिध्वनी ऐकत बसली. गाविलगडाला जरूर जा, पण तास-दोन तास हातात ठेवा आणि म्हातारी माणसं दरवाज्याजवळ सावलीत बसतील अशी तयारी ठेवा. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, ही गोष्ट सासूबाईंनीच पोरांना सांगितली. गाइडचे पैसे वाचलेच, पण ती गोष्ट मी स्वतः त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

खरेदीचा हट्ट हा सहलीतला न दिसणारा खर्च. आम्ही निघतानाच मुलीच्या हातात शंभर रुपये दिले. हे तुझे, काय घ्यायचं ते तू ठरव, संपले की संपले. पहिल्या वेळी दर दुकानात रडणारी मुलगी दुसऱ्या वेळी दोन दिवस विचार करून पन्नास रुपयांची स्ट्रॉबेरी घेऊन सगळ्यांना वाटत होती. उरलेले पन्नास तिनं परत आणले.

चिखलदरा नको असेल तर

एका दिवसाची सगळ्यांत स्वस्त सहल सेवाग्राम-पवनारची. सकाळच्या गाडीनं वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशन, तिथून ऑटो. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यांची बापू कुटी माती-बांबूची अजून तशीच आहे. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. घरची भाकरी झाडाखाली बसून खाता येते, आणि मुलांच्या पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

तीन दिवस असतील तर बुलडाणा जिल्हा घ्या: शेगावला दर्शन आणि मुक्काम, मग खामगाव-मेहकर मार्गे लोणार, परतीच्या आधी जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा. लोणारचं सरोवर उल्का पडून बेसॉल्ट खडकात झालेलं, साधारण १.८ किलोमीटर रुंद विवर आहे. उन्हाच्या आधी, सकाळीच पाहा आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर विसरू नका. १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जयंतीची अफाट गर्दी असते. सोहळा पाहायचा असेल तर त्याच दिवशी जा, वाडा निवांत पाहायचा असेल तर तो आठवडा सोडून.

ताडोब्याबद्दल सगळे विचारतात. जिप्सी सहा जणांची असते आणि भाडं पूर्ण गाडीचं, त्यामुळे तीन माणसांनी गेलं तर महाग, दोन घरं मिळून सहा जण झाले तर परवडतं. शनिवार-रविवारपेक्षा इतर दिवशी दर कमी असतो, मंगळवारी बंद, आणि जुलै ते सप्टेंबर गाभ्याच्या क्षेत्रातली सफारी बंद. बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातली सफारीही चांगली असते. पण पहिल्याच सहलीत लहान पोरांना घेऊन तिकडे जाऊ नये असं माझं मत आहे. चार तास गप्प बसणं त्यांना जमत नाही आणि वाघ दिसलाच नाही तर एवढ्या पैशांची हळहळ मोठ्यांना जास्त लागते. मुलांना प्राणी दाखवायचे असतील तर नागपूरच्या गोरेवाड्यात बसमधून सफारी होते, तिकीट माणशी असतं, आणि अर्ध्या दिवसात होतं.

परतीचा दिवस

दुपारनंतरच्या बसची वाट पाहू नका. चिखलदऱ्याहून खाली येणाऱ्या आणि परतवाड्याहून दर्यापूर-अंजनगावकडे सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा जाण्याच्याच दिवशी परतवाडा स्टँडवर कंट्रोलरला विचारून कागदावर लिहून घ्या. एक गाडी चुकली तरी पुढची मिळेल अशा बेतानं निघा. शेवटची गाडी हुकली तर परतवाड्यात एक रात्र काढावी लागते किंवा हजार-दीड हजार देऊन गाडी करावी लागते, आणि तिकडे गाय हंबरत असते.